दहा दिवसांच्या दूध बिलात शेवटच्या दिवसाचं दूध गळतंय. तारखांच्या टप्प्यातली बेरीज कशी घ्यावी?

संकलन_खाते यांचा प्रश्न:

गावच्या दूध संस्थेचं बिल दर दहा दिवसांनी निघतं: १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. सभासद सुमारे ६००. मायएसक्यूएल ८ आहे, सर्व्हर क्लाउडवर. 'संकलन' टेबलात पावती_क्र, सभासद_क्र, सत्र (सकाळ/संध्याकाळ), दूध_प्रकार, वेळ (डेटटाइम), लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), दर, रक्कम असे कॉलम आहेत. कपातीसाठी (पशुखाद्य, उचल) वेगळं 'कपात' टेबल.

बेरजेची क्वेरी अशी:

सिलेक्ट सभासद_क्र, काउंट(*), सम(लिटर), सम(रक्कम)
फ्रॉम संकलन
व्हेअर वेळ बिट्वीन '२०२५-०७-०१' अँड '२०२५-०७-१०'
ग्रुप बाय सभासद_क्र

तीन अडचणी आहेत.

पहिली: सभासद १३८ रोज सव्वासहाला आणि संध्याकाळी साडेसहाला दूध घालतात. वहीत त्यांची २० सत्रं आणि ११६.० लिटर आहे. रिपोर्टमध्ये १८ सत्रं आणि १०४.४ लिटर. फरक बरोबर १० तारखेचा, सकाळचे ६.२ आणि संध्याकाळचे ५.४.

दुसरी: वरच्या तारखेला '२३:५९:५९' जोडल्यावर १३८ चं जुळलं, पण सभासद ५२ ची १९ आणि सभासद ६१ ची २१ सत्रं येतात. दहा दिवसांत २१ सत्रं होऊच शकत नाहीत.

तिसरी: 'कपात' टेबल जॉइन केलं की आकडे फुगतात. १३८ ने प्रत्येकी १,४५० रुपयांची दोन पोती नेली आहेत. रिपोर्टमध्ये २३२ लिटर आणि ५८,००० रुपये कपात येते. सम(डिस्टिंक्ट रक्कम) करून पाहिलं, तर काही सभासदांचं जुळतं, काहींचं कमी पडतं.

पशुपालकाच्या हातात जाणारा पैसा आहे, त्यामुळे 'साधारण जुळतंय' यावर सोडता येत नाही. नेमकं कुठे चुकतंय?

---

रांगेतला_आकडा यांचं उत्तर:

तिन्ही चुका वेगवेगळ्या आहेत, एकमेकांशी संबंध नाही. पहिलीचं सांगतो.

'वेळ' हा कॉलम डेटटाइम आहे. त्याची तुलना नुसत्या तारखेशी केली की डेटाबेस त्या तारखेला मध्यरात्रीचे शून्य तास जोडतो. म्हणजे '२०२५-०७-१०' चा अर्थ '१० जुलै, ००:००:००'. बिट्वीन दोन्ही टोकं धरतो हे खरं, पण वरचं टोक १० तारीख उजाडण्याआधीच संपलेलं असतं. पुढचं बिल ११ च्या ००:०० पासून सुरू होतं, म्हणून १० तारखेचं दूध ना या बिलात येतं ना पुढच्या. २० तारखेचं आणि महिनाअखेरचंही असंच होत असणार. तीन बिलांची बेरीज महिन्याच्या वहीपेक्षा कमी येते का पाहा. येणारच, आणि फरक बरोबर तीन दिवसांच्या दुधाचा असेल.

'२३:५९:५९' हे ठिगळ आहे. कॉलम सेकंदाचे अपूर्णांक ठेवणारा असेल तर शेवटच्या सेकंदातली नोंद निसटते. ठेवणारा नसेल तर मायएसक्यूएल अपूर्णांक पूर्णांकात बसवतं, म्हणजे २३:५९:५९.६ ची नोंद दुसऱ्या दिवशीच्या ००:००:०० ला जाऊन बसते. संकलन रात्री आठला संपत असल्यामुळे तुम्हाला हे दिसणार नाही, पण हीच क्वेरी उद्या कुणीतरी पेट्रोल पंपाच्या रिपोर्टला चिकटवेल.

खालचं टोक धरायचं, वरचं सोडायचं, ही सवय लावा:

व्हेअर वेळ >= '२०२५-०७-०१' अँड वेळ < '२०२५-०७-११'

(शब्द आणि अंक प्रत्यक्षात अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे.)

याचा खरा फायदा तिसऱ्या बिलात आहे. २१ ते महिनाअखेर हा टप्पा फेब्रुवारीत ८ किंवा ९ दिवसांचा, एरवी १० किंवा ११ दिवसांचा. महिन्याचा शेवटचा दिवस ३० की ३१ हे शोधत बसायचं कारण नाही. वरचं टोक म्हणजे पुढच्या महिन्याची १ तारीख, 'पेक्षा कमी'. महिन्याच्या पहिल्या तारखेत डेट_ॲडने १ मंथ मिळवा, झालं. या टप्प्यात १६, १८, २० किंवा २२ यापेक्षा जास्त सत्रं कुणाचीही येता कामा नयेत.

एक मोह टाळा: व्हेअर डेट(वेळ) बिट्वीन … असं लिहिलं तर उत्तर बरोबर येईल, पण कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळलं की 'वेळ' वरचा साधा इंडेक्स वापरला जात नाही, सगळं टेबल वाचलं जातं. ६०० सभासद, दोन सत्रं, म्हणजे वर्षाला ४,३८,००० ओळी. पहिल्या वर्षी कळणार नाही, चौथ्या वर्षी बिलाच्या दिवशी स्क्रीन अडकून बसेल.

---

पाच_तीस यांचं उत्तर:

१९ आणि २१ चा उलगडा माझ्या मते घड्याळात आहे. सर्व्हर क्लाउडवर आहे म्हणताय, म्हणजे वेळ बहुधा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठते. भारतीय वेळ यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटं पुढे. आता सकाळचं संकलन पाहा. पहाटे ५:३० नंतर आलेल्या दुधाची तारीख यूटीसीतही तीच राहते. पण ५:१० ला आलेलं दूध यूटीसीत आदल्या दिवशीच्या रात्री २३:४० ला पडतं. म्हणजे पहाटे साडेपाचच्या आत येणाऱ्यांची सकाळ आदल्या तारखेला चिकटते. बाकी कुणाला काहीच फरक पडत नाही, म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते. दहा ते दहा चालणाऱ्या दुकानात तर ती कधीच दिसत नाही.

तुमच्या आकड्यांना लावून पाहा. सभासद ५२ ने १ तारखेला ५:३० आधी दूध घातलं असेल तर ती नोंद ३० जूनमध्ये गेली, आणि ११ तारखेला ते उशिरा आले असतील, म्हणून १९. सभासद ६१ चं उलटं: १ ला उशिरा, ११ ला पहाटे, म्हणून ११ तारखेची सकाळ १० मध्ये घुसली आणि २१ झाली.

इथे एक गोष्ट सगळ्यात जास्त जपा. जे रोजच पहाटे येतात त्यांची १ तारखेची सकाळ जाते आणि ११ ची आत येते. त्यांची मोजणी २० च भरते! सत्रं जुळली म्हणून बिल जुळलं असं धरू नका, दूध दुसऱ्याच दिवसाचं आहे. १ ला ७.० लिटर आणि ११ ला ५.५ लिटर असेल तर दीड लिटरचे पैसे कमी गेले.

खात्री करायची असेल तर:

सिलेक्ट नाऊ(), यूटीसी_टाइमस्टॅम्प()

दोन्ही सारखे आले तर तुमचं सेशन यूटीसीत चालतंय. मग एक छापील पावती घ्या, तिच्यावरची वेळ आणि टेबलातली वेळ शेजारी ठेवा. बरोबर साडेपाच तासांचं अंतर दिसलं की निदान पक्कं.

आजचं बिल काढायचं असेल तर टोकं सरकवा: वेळ >= '२०२५-०६-३० १८:३०' अँड वेळ < '२०२५-०७-१० १८:३०'. भारतीय वेळेत उन्हाळ्या-हिवाळ्याचा बदल नसल्यामुळे हे अंतर बारा महिने तेवढंच राहतं. कन्व्हर्ट_टीझेड वापरणार असाल तर 'एशिया/कोलकाता' या नावाऐवजी '+००:००' ते '+०५:३०' असं द्या. सर्व्हरवर टाइमझोनची टेबलं भरलेली नसतील तर नाव दिल्यावर उत्तर नल (रिकामी किंमत) येतं, एरर येत नाही, आणि अख्ख्या ओळी निमूटपणे गळतात.

कायमचा उपाय मात्र टोकं सरकवण्याचा नाही. 'वेळ' या एकाच कॉलमवर दोन कामं टाकली आहेत: नोंद कधी झाली आणि दूध कोणत्या दिवसाचं. वीज गेली, संध्याकाळचं संकलन वहीत लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवर चढवलं, तर नोंदीची वेळ ११ तारखेची पण दूध १० चं. यूटीसी दुरुस्त करूनही हे सुटणार नाही. म्हणून 'संकलन_तारीख' हा नुसत्या डेट प्रकारचा वेगळा कॉलम घ्या. पावती फाडताना तो भरायचा, बिल त्याच्यावरच काढायचं. 'वेळ' फक्त तपासणीसाठी राहू द्या. इंडेक्स (संकलन_तारीख, सभासद_क्र) असा जोड घ्या. कॉलम डेटचा झाला की बिट्वीनही बिनधोक चालतो, कारण मग मध्यरात्रीचा प्रश्नच उरत नाही.

जुन्या ओळींवर मात्र सरसकट साडेपाच तास मिळवू नका. मशीनवरून आलेल्या यूटीसीत आणि ऑफिसच्या संगणकावरून हाताने चढवलेल्या भारतीय वेळेत, असं मिश्रण असू शकतं. तुमच्याकडे 'सत्र' कॉलम आहे हे मोठं भाग्य. सत्र आणि अवर(वेळ) यांवर ग्रुप बाय करून काउंट पाहा. सकाळच्या सत्राची भारतीय वेळ साधारण ५:०० ते ८:३०, यूटीसीत तीच २३:३० ते ३:००. हे दोन पट्टे एकमेकांवर येत नाहीत. यूटीसीच्या पट्ट्यातल्या ओळींना वेळेत ३३० मिनिटं मिळवून निघालेली तारीख, भारतीय पट्ट्यातल्यांना आहे ती तारीख. दोन्हींत न बसणाऱ्या ओळी थोड्या असतील, त्या वहीवरून हाताने. आधी बॅकअप, आणि जुना 'वेळ' कॉलम खोडायचा नाही.

---

हिशोबवही यांचं उत्तर:

तिसरी अडचण माझ्या रोजच्या कामातली आहे. १३८ च्या संकलनाच्या २० ओळी, कपातीच्या २ ओळी. दोन्ही सभासद क्रमांकावर जोडल्या की प्रत्येक पावतीसमोर प्रत्येक पोतं उभं राहतं: २० × २ = ४० ओळी. दूध दुप्पट, म्हणजे २३२ लिटर. कपात वीसपट, म्हणजे २,९०० × २० = ५८,०००. ज्याने एकच पोतं नेलं त्याचं दूध बरोबर दिसतं आणि फक्त कपात फुगते, म्हणून सुरुवातीला चूक कपातीच्या टेबलात आहे असा भास होतो.

सम(डिस्टिंक्ट रक्कम) हे औषध नव्हे. दोन सत्रांची रक्कम योगायोगाने सारखी आली की तो त्यातली एक खाऊन टाकतो. तुमच्याकडे कमी पडणारे सभासद तेच असतील. आणि दोन्ही पोती १,४५० चीच असल्यामुळे कपातही निम्मी धरली जाईल.

बरोबर रीत एकच: आधी प्रत्येक टेबलाची सभासदवार बेरीज स्वतंत्र करा, मग त्या बेरजा जोडा. सुरुवात सभासद टेबलापासून.

सिलेक्ट स.सभासद_क्र, कोअलेस(द.लिटर, ०), कोअलेस(द.रक्कम, ०), कोअलेस(क.कपात, ०), कोअलेस(द.रक्कम, ०) - कोअलेस(क.कपात, ०) ॲज देय
फ्रॉम सभासद स
लेफ्ट जॉइन (सिलेक्ट सभासद_क्र, सम(लिटर) ॲज लिटर, सम(रक्कम) ॲज रक्कम फ्रॉम संकलन व्हेअर संकलन_तारीख >= '२०२५-०७-०१' अँड संकलन_तारीख < '२०२५-०७-११' ग्रुप बाय सभासद_क्र) द ऑन द.सभासद_क्र = स.सभासद_क्र
लेफ्ट जॉइन (सिलेक्ट सभासद_क्र, सम(रक्कम) ॲज कपात फ्रॉम कपात व्हेअर कपात_तारीख >= '२०२५-०७-०१' अँड कपात_तारीख < '२०२५-०७-११' ग्रुप बाय सभासद_क्र) क ऑन क.सभासद_क्र = स.सभासद_क्र

तारखेची अट आतल्या क्वेरीतच हवी. ती बाहेरच्या व्हेअरमध्ये आणली तर लेफ्ट जॉइनचा अर्थ जातो आणि ज्याची म्हैस आटली आहे, दूध नाही पण पोतं नेलंय, तो सभासद यादीतूनच नाहीसा होतो. त्याची बाकी वसूल करायची राहून जाते. कोअलेस (नलच्या जागी ० धरणारं फंक्शन) का, तर जिथे ओळच नाही तिथे बेरीज शून्य येत नाही, नल येते. रक्कम वजा नल म्हणजे पुन्हा नल, आणि कपात नसलेल्या सगळ्या सभासदांचं देय कोरं छापलं जाईल.

आता तुम्ही न विचारलेलं, पण याच रिपोर्टमध्ये हमखास चुकणारं.

सरासरी फॅट ॲव्हरेज(फॅट) ने काढू नका. सकाळी १० लिटरला ३.५ आणि संध्याकाळी २ लिटरला ४.४ लागली तर साधी सरासरी ३.९५ येते. खरी आहे (३५ + ८.८) ÷ १२ = ३.६५. म्हणजे सम(लिटर * फॅट) / सम(लिटर). एसएनएफचंही तसंच. आणि गाय-म्हैस वेगळी ठेवा, ग्रुप बायमध्ये दूध_प्रकार घाला. गायीचं ३.५/८.५ (फॅट/एसएनएफ) आणि म्हशीचं ६.०/९.० अशा दोन वेगळ्या मानकांवर दर ठरतो, त्यांची एकत्र सरासरी कुणाच्याच कामाची नाही.

रकमेची बेरीज पावतीवर छापलेल्या रकमेचीच घ्या, सम(लिटर * दर) अशी नव्याने नको. ६.३ लिटर × ३४.७५ = २१८.९२५. पावतीवर २१८.९३ छापलं गेलं, पण रिपोर्टने २१८.९२५ धरलं. एका पावतीला अर्धा पैसा. ६०० सभासद, २० सत्रं धरली तर जास्तीत जास्त ६० रुपये. रक्कम लहान आहे, पण सभासद स्वतःच्या पावत्या बेरजून आला की त्याला उत्तर देता येत नाही, आणि तिथे संस्थेवरचा विश्वास जातो. लिटर, दर, रक्कम हे तिन्ही कॉलम डेसिमल असले पाहिजेत. फ्लोट असेल तर २१८.९२५ आत नेमकं बसत नाही आणि गोलाई कधी वर, कधी खाली पडू शकते.

---

संकलन_खाते:

तिघांचे आभार. सेशन यूटीसीतच निघालं. संकलन_तारीख कॉलम जोडून जुलैचं पहिलं बिल पुन्हा काढलं: ५२ आणि ६१ दोघांची २० सत्रं, १३८ चं ११६.० लिटर आणि कपात २,९००. सत्र आणि तास लावून पाहिल्यावर जुन्या ओळींत खरोखर दोन पट्टे दिसले.

आणखी दोन गोष्टी विचारतो. बिल वाटल्यावर कुणाची पावती चुकलेली निघाली तर जुनी ओळ दुरुस्त केली की जुनं बिल पुन्हा काढताना वेगळं येतं. आणि इंटरनेट तुटून आलं की मशीन कधीकधी तीच पावती दोनदा पाठवतं.

---

हिशोबवही:

बिल वाटलं की तो टप्पा बंद. त्याच्या बेरजा 'बिल' टेबलात सभासदवार साठवून ठेवा: लिटर, रक्कम, कपात, देय, टप्पा सुरू, टप्पा शेवट. जुनं बिल मागितलं तर तिथूनच छापायचं, पुन्हा बेरीज करायची नाही. चूक सापडली तर जुनी ओळ बदलायची नाही. चालू टप्प्यात 'मागील फरक' म्हणून अधिक किंवा उणे अशी वेगळी नोंद टाकायची आणि तिच्यात मूळ पावती क्रमांक लिहायचा. सभासदाच्या खातेउताऱ्यावर फरक दिसतो आणि ऑडिटरलाही माग लागतो. बंद टप्प्यातली संकलन_तारीख असलेली ओळ बदलू किंवा टाकू पाहिली तर ट्रिगरने (डेटाबेस आपोआप चालवतो त्या नियमाने) अडवा, नुसत्या तोंडी नियमावर राहू नका.

---

पाच_तीस:

दुबार पावतीसाठी युनिक की. (संकलन_तारीख, सत्र, सभासद_क्र) एवढ्यावर लावू नका. एकाच सभासदाचं गायीचं आणि म्हशीचं दूध एकाच सत्रात येतं, कधी दुसरी किटली मागून येते. की मशीन क्रमांक आणि पावती_क्र यांवर लावा. मशीनचा पावती क्रमांक रोज १ पासून सुरू होत असेल तर संकलन_तारीखही त्यात घ्या, आणि दोन्ही सत्रांना नव्याने १ पासून सुरू होत असेल तर सत्रही. मग तीच पावती दुसऱ्यांदा आली तर डेटाबेसच ती नाकारेल. आधीच शिरलेल्या दुबार ओळी याच कॉलमांवर ग्रुप बाय आणि हॅविंग काउंट(*) > १ लावून काढा. त्या साफ केल्याशिवाय की लागणारच नाही.

---

रांगेतला_आकडा:

बिल छापण्याआधी तीन जुळण्या करून घ्या, क्वेरी तयार ठेवल्या तर पाच मिनिटांचं काम आहे. सभासदवार बेरजांची बेरीज आणि सत्रवार बेरजांची बेरीज एकच यायला हवी. तिन्ही टप्पे मिळून महिन्याची थेट बेरीज यायला हवी. टप्प्यातल्या दिवसांच्या दुपटीपेक्षा जास्त सत्रं असलेला सभासद निघता कामा नये. हे मोजताना काउंट(*) नको, काउंट(डिस्टिंक्ट संकलन_तारीख, सत्र) घ्या, नाहीतर गाय आणि म्हैस दोन्ही असणारे उगाच यादीत येतील.

दूध संघाला गेलेल्या दुधाशी ताळा घालताना एक लक्षात ठेवा: तुमचं संकलन लिटरमध्ये आहे, संघाच्या चलनावर आकडा किलोत असेल तर आधी १.०३ ने भागा. ते राहिलं तर रोज १,००० लिटरमागे ३० ची 'वाढ' दिसेल, आणि एखाद्या दिवशी खरंच २५ लिटर दूध कमी पडलं तर ते त्या वाढीखाली झाकलं जाईल.